ज्याची त्याची चाल

भाजणीचा डबा, ७८ च्या तबकड्यांची पेटी, जुन्या शुद्धलेखनातली पिवळी पडलेली पुस्तकं आणि काळ्या-पांढऱ्या सिनेमांनी ठासून भरलेली हार्ड डिस्क. एकाच माणसाला या चारही गोष्टींची ओढ असली की लोक म्हणतात, याच्या आवडीला शेंडा ना बुडखा. मला वाटतं बुडखा आहे, फक्त तो विषयात शोधून सापडत नाही. तो वेगात आहे. यातली प्रत्येक गोष्ट एका ठरावीक चालीनं घडलेली असते आणि त्याच चालीनं घ्यावी लागते. जरा रेटा लावला की गाणं पट्टी सोडतं, पडद्यावरची माणसं दुडकी चालू लागतात, पुस्तक कण्यात मोडतं आणि डाळ बाहेरून करपून आत कच्ची राहते.

तबकडीपासून सुरू करू, कारण तिथे चूक मोजता येते.

मिनिटाला ७८ फेरे हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण तो सुरुवातीपासून पक्का नव्हता. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं त्या काळात सत्तर-बहात्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत कुठल्याही वेगानं तबकडी कोरली जाई. आज ती डोळे मिटून ७८ वर लावली की गायिकेचा आवाज आहे त्यापेक्षा कोवळा किंवा जाड होतो आणि आपण म्हणतो, काय वेगळा आवाज होता तेव्हा! हिशोब सोपा आहे. वेग सहा टक्क्यांनी बदलला की पट्टी पेटीवरच्या लगतच्या एका स्वरानं सरकते. ७८ च्या जागी साडेब्याऐंशी फेरे झाले तर काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं आणि तीन मिनिटांची बाजू दोन मिनिटं पन्नास सेकंदांत आटपते. नुसता सूर चढला असता तरी चाललं असतं. पण तान धावते, शब्द चिरके होतात, तबल्याची थाप कोरडी वाजते.

वेग तपासायला स्ट्रोबची चकती वापरतात. कागदाच्या गोल तुकड्यावर काठानं ७७ काळ्या रेघा, बस्स. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे जुना पिवळा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतो. त्या उजेडात चकती फिरताना रेघा जागच्या जागी थिजलेल्या दिसल्या तर वेग ७७.९, म्हणजे बरोबर. रेघा फिरण्याच्या दिशेनं पुढे सरकत असतील तर यंत्र जलद आहे, मागे सरकत असतील तर संथ. अमेरिकेतून आलेल्या चकतीवर ९२ रेघा असतात. ती ६० हर्ट्‌झसाठी आहे, इथे उपयोगाची नाही. चांगल्या एलईडी दिव्याखालीही हा प्रयोग फसतो, कारण तो लुकलुकतच नाही. मग स्विचबोर्डावरचा लाल निऑन इंडिकेटर कामी येतो. काहीच नसेल तर तबकडीच्या काठाखाली कागदाची चिठ्ठी अडकवून अर्ध्या मिनिटात ३९ फेरे मोजावेत. मात्र मोजताना सुई तबकडीवर टेकलेली हवी. सुईच्या ओढीनं वेग पडतो, मोकळी थाळी मोजून काही कळत नाही.

चावीच्या ग्रामोफोनला आणखी एक खोड असते. स्प्रिंग सैल पडत गेली की शेवटच्या अर्ध्या मिनिटात षड्ज हळूच खाली बसतो. म्हणून प्रत्येक बाजूला चावी नव्यानं भरायची, 'मागच्या वेळची आहे अजून' असं म्हणायचं नाही. वेग धरून ठेवायचं काम गव्हर्नर करतो. पोलादी पट्ट्यांवर बसवलेली तीन छोटी वजनं फिरताना बाहेर फेकली जातात आणि एक चकती चामड्याच्या किंवा नमद्याच्या गादीवर घासते. ही गादी कोरडी पडली की आवाज लाटेसारखा वरखाली होतो. तिथे हलक्या मशीन ऑइलचा एक थेंब पुरतो. आतून मधूनच धप्प असा ठोका ऐकू आला तर स्प्रिंगवरचं ग्रीस वाळलंय. ते डबडं मात्र घरी उघडू नये. गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर बोटं कापते.

सुयांच्या बाबतीत कंजुषी करणारे खूप. पोलादी सुई एका बाजूला एक, असाच नियम आहे आणि त्यामागे कारण आहे. तबकडीच्या लाखेत मुद्दाम दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. ती सुईचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. बाजू संपेपर्यंत टोकाला धार आलेली असते, आणि तीच सुई पुन्हा लावली तर आता सुई खाच कापते. शेकड्यानं मिळणारी सुई वाचवायची आणि पुन्हा न मिळणारी तबकडी कातरायची, हा कुठला हिशोब? विजेच्या टर्नटेबलवर वाजवणाऱ्यांची चूक वेगळी. तिथे एलपीची सुई चालत नाही. एलपीच्या सुईचं टोक अठरा ते पंचवीस मायक्रॉनचं, ७८ च्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉन लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन बसते, आणि तळाशी असतो सगळा गाळ. मग खरखर ऐकून माणूस म्हणतो, तबकडी गेली. तबकडी ठीक असते. तिच्या भिंती कुणी ऐकलेल्याच नसतात.

धुताना स्पिरिट लावायचं नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पॉलिशवाले सुतार त्याच गुणावर जगतात. डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं, मधलं लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच टिपून घेणं. ठेवताना उभ्या ठेवाव्यात. आडव्या थप्पीत खालची हमखास तडकते.

आता ऐकण्याबद्दल. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटं मिळत. तासाभराच्या ख्यालाचा हा तुकडा आहे असं समजून ऐकलं तर पदरी निराशाच. त्या काळच्या गवयांनी या तीन मिनिटांसाठी वेगळी मांडणी केली होती. आलाप दोन-चार आवर्तनांत, बंदिश बहुधा मध्य किंवा द्रुत, अंतरा वेळेत, आणि तानांची आतषबाजी शेवटी. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकताना कळतं की हा माणूस घाईत नाही, त्यानं फक्त अंगण लहान घेतलंय. अशा दहा बाजू ओळीनं लावल्या की कान थकतो, दहा लाडू ओळीनं खाल्ल्यासारखा. दोन बाजू, मग जरा गप्प. कान पुन्हा ताळ्यावर आणायला तंबोरा उत्तम. खाँसाहेबांच्याच मिरजेत तो बनतो, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. पहिली तार मधल्या बोटानं, पुढच्या तीन तर्जनीनं. नवशिके तो तालात छेडतात तिथे बिघडतं. तंबोऱ्याला तालाशी कर्तव्य नाही. एका तारेची आस विझायच्या आत पुढची छेडायची, एवढंच.

सिनेमाकडे येऊ. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तो आज पाहताना बहुतेकांना पात्रं टुणटुण उड्या मारताना दिसतात आणि लोक हसतात. दोष फाळक्यांचा नाही. कॅमेऱ्याला हँडल होतं. एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी. बोलपटाच्या यंत्रावर त्याच चौकटी सेकंदाला चोवीस पळतात. दीडपट वेग. तासाचं चित्र चाळीस मिनिटांत. संगणकावर पाहत असाल तर प्लेअरमध्ये वेग ०.६७ करून बघा, राजा लगेच राजासारखा चालू लागतो. पण आधी एक खात्री करावी. काही प्रतींमध्ये चौकटी दुबार करून वेग आधीच सुधारलेला असतो, तिथे पुन्हा संथ केलं तर सगळे झोपेत चालल्यासारखे दिसतात. ओळखायचं कसं? नटांकडे बघू नये, ते अभिनयासाठी हात जोरात हलवणारच. पडणारं पाणी, धूर, वाऱ्यावरचं वस्त्र बघावं. पाण्याला अभिनय येत नाही.

बोलपट आल्यावर चोवीसचा आकडा खिळला, कारण आवाजाची पट्टी त्याच फिल्मवर बसली. वेग बदलला तर गाणं बदलणार. तरीही तो बदललाच. आपल्याकडचं टीव्हीचं जुनं प्रसारण पॅल पद्धतीचं, सेकंदाला पंचवीस चौकटींचं होतं. चोवीसचा सिनेमा पंचवीसनं पळवला की दोन तासांचं चित्र ११५ मिनिटांत संपतं आणि गाण्याची पट्टी जवळजवळ पाऊण स्वर चढते. जुनी मराठी चित्रपटगीतं टीव्हीवरून उतरवून घेतलेल्या कॅसेटवर किंचित चुरचुरीत लागतात त्याला अनेकदा हेच कारण असतं. त्याच गाण्याची तबकडी शेजारी वाजवून ताडून बघता येतं, पण जपून. तबकडीसाठी गाणं कित्येकदा वेगळं मुद्रित होई आणि तीन मिनिटांत बसवायला लय वाढवलेली असे. म्हणजे दोन्ही बरोबर आणि दोन्ही वेगळे.

आणखी दोन पापं टीव्हीवर घडतात. पहिलं, ताणणं. प्रभातच्या काळातली चौकट जवळजवळ चौकोनी, उंचीच्या १.३७ पट रुंद. आजचा पडदा १.७८ पट. चौकट पडदाभर ताणली की प्रत्येक माणूस तीस टक्के रुंद होतो, आणि उपाशी संत चांगले खातेपिते दिसतात. 'झूम' केलं तर उंचीतला जवळपास चौथा भाग कापला जातो, तुळशीवृंदावन जातं किंवा पागोटं जातं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यावेत, ते चित्राचं अंगण आहे. दुसरं पाप म्हणजे नव्या टीव्हीतलं मोशन स्मूदिंग. यंत्र दोन चौकटींच्या मधल्या चौकटी मनानं रचतं आणि सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळं गोंडस नाव दिलंय. पिक्चरच्या सेटिंगमध्ये 'मोशन' शब्द जिथे दिसेल ते बंद करायचं.

पुस्तकांत वेग कोण ठरवतो? माझ्या मते बऱ्याच अंशी अनुस्वार. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे टिंब गळाले. त्याआधीचं पुस्तक हातात घेऊन आजच्या सरावानं सरसर वाचत गेलं की घोटाळा होतो. 'घरांत दिवा होता' म्हणजे तिथे एकाच घरात दिवा होता. आपण वाचतो अनेक घरांत. 'तें' म्हणजे ते मूल, ते घर. 'ते' म्हणजे ते पुरुष. आज दोघांना एकच कपडा. जुन्या लेखकाची वाक्यं लांब असत, मध्ये दोन-दोन उपवाक्यं लोंबत, आणि कोणतं कुणाचं हे ते टिंब सांगे. उपाय असा की पहिली दहा पानं मोठ्यानं वाचायची. जीभ आपोआप मंदावते, डोळा तिच्यामागे राहायला शिकतो. अकराव्या पानापासून मनात वाचलं तरी चालतं. ओवीला तर दुसरा मार्गच नाही. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या सप्ताहात संपवायच्या तर दिवसाला तेराशे होतात. ते पारायण, त्याची चाल वेगळी, त्याचं पुण्य वेगळं. ज्याला साडेतीन चरणांची ओवी चाखायची आहे त्यानं दिवसाला पाच घ्याव्यात.

पुस्तक नावाच्या वस्तूलाही चाल असते. नवं जाड बांधणीचं पुस्तक मधोमध उघडून दाबलं की पाठीचा गोंद तडकतो आणि पुढे कायम तिथेच उघडतं. पुस्तक पाठीवर उभं धरावं, आधी दोन्ही पुठ्ठे खाली सोडावेत, मग पुढची दहा-बारा पानं, मग मागची दहा-बारा, शिवणीजवळ अंगठ्यानं हलकेच दाबत मध्यापर्यंत यावं. पाच मिनिटांचं काम. फुटपाथवरून आणलेल्या जुन्याची गोष्ट निराळी. तो कागद तुरटी आणि राळ घालून केलेला, आम्लानं ठिसूळ झालेला. कोपरा दुमडला की तुटणार. सेलोटेप तर मुळीच नको, पाच-सात वर्षांत टेप निघून जाते आणि तपकिरी डाग राहतो. पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ हाच इलाज. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत वीस मिनिटं, पारदर्शक होईतो. गार झाल्यावर गाळून सायीइतकी पातळ करायची. बाइंडर मंडळी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. हिशोबाच्या वहीला ठीक, जुन्या कागदाला नको. कसर लागलीच तर पुस्तक प्लास्टिक पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक दिवस तशीच राहू द्यायची, नाहीतर गार कागदावर दव धरतं आणि कसर गेली तरी बुरशी येते.

आणि आता भाजणी, जिच्यात सगळ्यात जास्त लोक घाई करतात.

थालीपिठाच्या भाजणीचं प्रमाण घरोघर वेगळं. एक भरवशाचं असं: ज्वारी चार वाट्या, बाजरी दोन, तांदूळ दोन (धुऊन सावलीत वाळवलेले), हरभऱ्याची डाळ एक, उडदाची डाळ एक, मटकी किंवा मूग अर्धी, धने अर्धी वाटी, जिरे दोन चमचे. उडीद कमी करू नये. ज्वारी-बाजरीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, थालीपीठ एकत्र धरून ठेवायला उडीदच लागतो. सगळं एकाच कढईत ओतून भाजणं हा गुन्हा आहे. जिरं एक-दोन मिनिटांत होतं, धने तीन-चार, ज्वारीला आठ-दहा लागतात. एकत्र भाजलं तर जिरं कडू होईपर्यंत डाळ कच्चीच. जाड बुडाची कढई, मंद आच, प्रत्येक धान्य वेगळं. तांदूळ पांढरेशुभ्र होऊन जरा फुलले की उतरवायचे. डाळी गुलाबी झाल्या की थांबायचं, तपकिरी होईपर्यंत नाही, कारण उतरवल्यावरही आतली उष्णता काम करत असते. ज्वारीचे दोन-चार दाणे फुटून उडू लागले की ती झाली. सगळं मिळून तासभर जातो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

मग गार करणं. कोमट धान्य डब्यात भरून गिरणीत नेलं तर वाफ धरते आणि पिठाच्या गाठी होतात. परातीत पसरून पूर्ण गार, शक्य तर रात्रभर. गिरणीवाल्याला किंचित रवाळ दळायला सांगायचं. आणि आपल्या आधी त्यानं मसाला दळलेला नाही ना, हे बघायचं. बाजरीत तेलाचा अंश जास्त, म्हणून कच्चं बाजरीचं पीठ आठवडा-दोन आठवड्यांत खवट कडवटतं. भाजल्यानं ही क्रिया मंदावते, थांबत नाही. दोन महिन्यांत संपेल एवढीच करावी, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये.

दोन वाट्या भाजणीला पाऊण ते एक वाटी कोमट पाणी, दोन चमचे तेल, चमचाभर तिखट, पाव चमचा हळद, अर्धा चमचा ओवा. हे मळून दहा मिनिटं झाकून ठेवा, रवाळ कण पाणी पितात. कांदा, कोथिंबीर आणि मीठ त्यानंतर. बहुतेक जण कांदा-मीठ सुरुवातीलाच घालतात, कांदा पाणी सोडतो, पीठ सैल होतं, मग कोरडी भाजणी भुरभुरवतात आणि थालीपीठ दगड होतं. त्या दगडाचं खापर भाजणीवर फुटतं. ओल्या फडक्यावर पाव इंचाहून पातळ थापायचं, मधोमध एक आणि भोवती चार भोकं. ती नक्षी नाही. भोकांतून तेल खाली पोचतं आणि वाफ वर येते. तवा तापलेला पण धुरावलेला नको. फडकं उलटं करून अलगद सोडायचं, भोकांत थेंब थेंब तेल, वर झाकण, आच मंद.

पुढचं कानानं कळतं. आधी चरचर मोठी असते, कांद्याचं पाणी उडतंय. ती बारीक होत होत नुसती कुजबुज राहिली की खालची बाजू झाली. साडेचार मिनिटांच्या आसपास. त्याआधी उलथनं घातलं तर तुटणारच. उलटल्यावर झाकण नाही, दोन मिनिटं.

सोबत सोलकढी करायची तर तिला विस्तवच नको. आठ-दहा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास, एका नारळाचं घट्ट दूध, ठेचलेल्या दोन लसणीच्या पाकळ्या, एक मिरची. आमसुलात मीठ आधीच असतं, म्हणून मीठ शेवटी आणि चाखून. गरम केली की नारळाचं दूध आंबटाबरोबर फुटतं आणि वर तेलाचे डोळे दिसतात. पिळून काढलेलं आमसूल पुन्हा पुन्हा पिळू नये, तुरट उतरतं.

थालीपिठावर झाकण ठेवून तबकडी लावायला गेलात तर एवढं ध्यानात असू द्या: बाजू तीन मिनिटांत संपते, आणि थालीपिठाला अजून दीड मिनिट हवं असतं. तेवढ्यात चावी भरून सुई बदलून होते.